मिळून बांधलेली साइट

१२ सप्टेंबर २०११ रोजी ‘बॉस्टन ग्लोब’ने आपली नवी साइट वाचकांसाठी खुली केली. १८७२ साली सुरू झालेलं हे दैनिक. साइटची वर्गणी तेव्हा आठवड्याला ३ डॉलर ९९ सेंट होती. वर्तमानपत्राने साइट बदलणं ही एरवी बातमी नव्हे, दर दोन-चार वर्षांनी प्रत्येकच पत्र ते करतं. पण वेब डिझाइनच्या व्यवसायातली माणसं त्या दिवसांत एक वेगळीच गोष्ट करत होती. साइट उघडायची आणि ब्राउझरच्या खिडकीची कड धरून ती आत-बाहेर ओढायची. खिडकी अरुंद झाली की तीन स्तंभांचे दोन होत, दोनांचा एक होई, विभागांची लांबलचक पट्टी एका बटणामागे जाई. पत्ता तोच, मजकूर तोच, कोड तोच. फोनसाठी वेगळी साइट नव्हती आणि टॅबलेटसाठीही नव्हती.

आज बहुतेक मराठी बातम्यांच्या साइट असंच वागतात. त्यामुळे त्यातलं नवेपण कळायला २०१०च्या सुमाराची स्थिती आठवावी लागते. आयफोन २००७ सालचा, आयपॅड एप्रिल २०१०चा, आणि अँड्रॉइडचे फोन तर प्रत्येक कंपनीचे वेगळ्या मापाचे. बहुतेक साइटवाल्यांनी काढलेला तोडगा म्हणजे पत्त्याच्या आधी ‘एम’ लावून फोनसाठी निराळी, काटछाट केलेली साइट. मित्राने फोनवरून धाडलेला दुवा कंप्युटरवर उघडला की मोठ्या पडद्याच्या मधोमध मजकुराची एक चिंचोळी पट्टी दिसायची. दुसरा रस्ता अ‍ॅपचा. पण अ‍ॅपलने फेब्रुवारी २०११मध्ये वर्गणीचे नियम जाहीर केले, आणि अ‍ॅपमधून येणाऱ्या वर्गणीतले ३० टक्के अ‍ॅपल ठेवणार हे स्पष्ट झालं. वाचकाशी थेट नातं ठेवू पाहणाऱ्या पत्राला हा वाटा जड होता.

तिसरा रस्ता ईथन मार्कॉट या डिझायनरने २५ मे २०१० रोजी ‘अ लिस्ट अपार्ट’ या वेब-व्यवसायाच्या नियतकालिकात मांडला होता: ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’. त्याची कृती तीन गोष्टींची होती. स्तंभांची रुंदी पिक्सेलऐवजी टक्क्यांत ठरवायची, चित्रं आपल्या चौकटीबाहेर जाणार नाहीत अशी लवचीक ठेवायची, आणि पडद्याची रुंदी पाहून मांडणीचे नियम बदलायचे. लेखासोबत एक छोटं नमुना-पान होतं. ते पाहून अनेकांनी मान डोलावली, पण शंकाही रास्त होती. एखाद्याच्या वैयक्तिक साइटला हे जमेल. दिवसभर बातम्या येत राहणाऱ्या, जाहिराती आणि वर्गणीचं कुंपण असलेल्या मोठ्या दैनिकाला कसं जमणार? ग्लोबची साइट हे त्या शंकेला मिळालेलं पहिलं मोठं उत्तर होतं.

हे काम एका एजन्सीचं नव्हतं, आणि माझ्या मते तेच त्याचं बलस्थान होतं. दृश्य मांडणीची जबाबदारी अपस्टेटमेंट या छोट्या स्टुडिओकडे होती. तिथल्या टिटो बोटिट्टा आणि माइक स्वार्ट्झ यांना बातम्यांच्या पानाची जाण होती. कोड लिहायला बॉस्टनमधलाच फिलामेंट ग्रुप होता, आणि मार्कॉट त्यांच्यासोबत. ग्लोबकडून डिजिटल डिझाइन सांभाळणाऱ्या मिरांडा मलिगन आणि डिजिटल उत्पादनांची धुरा वाहणारे जेफ मोरियार्टी ही मंडळी केवळ मंजुरी देण्यापुरती नव्हती, कामात होती.

फिलामेंट ग्रुपबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण ही मंडळी एका आग्रहाने काम करत. टॉड पार्कर, पॅटी टोलंड, स्कॉट जेल आणि मॅगी वॉक्स यांनी २०१०मध्ये एक पुस्तक लिहिलं होतं, विषय ‘प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट’. त्याचा गाभा सोपा आहे. आधी साधं, स्वच्छ एचटीएमएल पान तयार करायचं. ते जुन्यातल्या जुन्या ब्राउझरलाही वाचता आलं पाहिजे. मग ब्राउझरची कुवत तपासायची आणि त्याला पेलेल तेवढीच सजावट, तेवढंच जावास्क्रिप्ट वर चढवायचं. फोन जुना म्हणून वाचकाला दारातून परत पाठवायचं नाही. ग्लोबच्या साइटने हा आग्रह किती पाळला त्याचा पुरावा अनपेक्षित ठिकाणाहून आला. एका हौशी माणसाने ती साइट अ‍ॅपलच्या न्यूटन मेसेजपॅड या हातात धरायच्या यंत्रावर उघडली आणि तिचा फोटो टाकला. न्यूटनचं उत्पादन १९९८ सालीच बंद झालं होतं, त्याचा पडदा करड्या छटांचा. त्याच्यावर छायाचित्रांचा थाट नव्हता, पण बातम्या वाचता येत होत्या. न्यूटनसाठी कुणीही एक ओळ लिहिली नव्हती.

आता कामाच्या पद्धतीकडे. एजन्सीची रूढ रीत आपल्याकडे पुण्या-मुंबईतही सगळ्यांना ठाऊक आहे. डिझायनर फोटोशॉपमध्ये पानाचं चित्र काढतो. ते क्लायंटला जातं, ‘लोगो मोठा करा’ होतं, चार फेऱ्यांनंतर ‘अप्रूव्ह्ड’ असा मेल येतो. मग ती फाइल डेव्हलपरच्या हवाली होते आणि त्याने ते चित्र पिक्सेलबरहुकूम ब्राउझरमध्ये उभं करायचं. डेव्हलपरने क्लायंटला पाहिलेलं नसतं आणि क्लायंटला डेव्हलपरचं नाव माहीत नसतं. मधे अकाउंट मॅनेजर.

ग्लोबच्या कामात ही रीत पहिल्याच टप्प्यावर निरुपयोगी ठरली असती. मांडणी बदलण्याच्या सहा रुंद्या ठरल्या होत्या: ३२०, ४८०, ६००, ७६८, ९६० आणि १२०० पिक्सेल. मुखपृष्ठ, विभागाचं पान, लेखाचं पान, छायाचित्रांचं पान अशा प्रत्येक प्रकाराची सहा-सहा चित्रं काढायची, आणि एक मथळा हलला की सगळी पुन्हा काढायची, हे कुणाच्याच आवाक्यातलं नव्हतं. शिवाय दोन मापांच्या मधल्या रुंदीला काय होतं ते कुठलंच स्थिर चित्र दाखवत नाही. अपस्टेटमेंटच्या लोकांनी फोटोशॉप बाजूला ठेवून चक्क इनडिझाइन वापरलं. छापील पानं लावायचं ते सॉफ्टवेअर. त्यात स्तंभांची जाळी आणि अक्षरशैली एकदा ठरवल्या की सगळ्या पानांवर लागू होतात. पण तेही सुरुवातीपुरतं. एखाद्या रुंदीचा आराखडा हाती आला की कोड लिहिणारे त्याचं चालतं पान उभं करत, आणि पुढची चर्चा त्या पानावर होई. मार्कॉटने आपल्या २०११च्या पुस्तकात या बैठकांचं वर्णन केलं आहे. टेबलावर लॅपटॉप, फोन, टॅबलेट. सगळ्यांवर तेच पान उघडलेलं. डिझायनर बोटाने सरकवून पाहतो, अडलं तिथे बोट ठेवतो, डेव्हलपर सांगतो की हे जमेल, हे महाग पडेल, त्याऐवजी असं करू. डिझाइन संपलं, आता कोडिंग सुरू, अशी रेघ कुठे मारताच येत नाही.

या पद्धतीचा सगळ्यात मोठा लाभ मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. रुंद पडद्यावर मुख्य बातमी डावीकडे, दुसरी महत्त्वाची मधे, अग्रलेख आणि मतं उजवीकडे. तिन्ही एकाच नजरेत. फोनवर स्तंभ एकाखाली एक गेले की प्रश्न उभा राहतो: मुख्य बातमीनंतर काय? डाव्या स्तंभातल्या उरलेल्या पाच बातम्या, की मधल्या स्तंभातली पहिली? अग्रलेख पंधरा वेळा बोट सरकवल्यावर आला तर चालेल का? डिझायनर याचं उत्तर देऊ शकत नाही, प्रोग्रामर तर नाहीच नाही. हा संपादकीय निर्णय आहे. पत्राची माणसं जवळ नसतील तर तो निर्णय नकळत कोड लिहिणाऱ्याच्या हातून होऊन जातो, आणि कित्येक साइटवर तो तसाच झालेला दिसतो. क्लायंटला सोबत घेऊन काम करणं म्हणजे त्याची वारंवार मर्जी सांभाळणं, असा समज आपल्या व्यवसायात पक्का आहे. प्रत्यक्षात जे ठरवण्याचा अधिकार त्याचा आहे ते त्याच्याकडूनच ठरवून घेणं, असा त्याचा अर्थ आहे.

सगळं सुरळीत झालं असं नाही. जाहिराती ठरावीक मापाच्या, ३०० बाय २५० पिक्सेलच्या. त्या टक्क्यांत मोजल्या जात नाहीत, त्यामुळे लवचीक पानात त्या ताठच राहतात. पण खरं डोकं खाल्लं ते छायाचित्रांनी. रुंद पडद्याला मोठं छायाचित्र हवं, फोनला छोटं. फोनवाल्याने मोठ्या फाइलचा डेटा का भरावा? फिलामेंटने युक्ती केली. पानात छोट्या छायाचित्राचा पत्ता द्यायचा, जोडीला मोठ्याचाही. पान उघडताच वरची छोटी स्क्रिप्ट पडद्याची रुंदी पाहील आणि पडदा मोठा असला तर छोटं चित्र उतरायच्या आत मागणी मोठ्याकडे वळवेल. युक्ती चालली. मग ब्राउझर बनवणाऱ्यांनी वेग वाढवण्यासाठी स्क्रिप्ट चालण्याची वाट न पाहता चित्रं आधीच मागवायला सुरुवात केली, आणि युक्ती मोडली. वेगासाठी केलेल्या सुधारणेमुळेच एकाऐवजी दोन-दोन फाइली उतरू लागल्या.

इथून पुढची गोष्ट फिलामेंटची खरी ओळख करून देते. तिथल्या मॅट मार्किसने जानेवारी २०१२मध्ये ‘अ लिस्ट अपार्ट’मध्येच लेख लिहून ही युक्ती कशी जवळजवळ जमली आणि का फसली ते सविस्तर सांगितलं. क्लायंटच्या कामातली अडचण चव्हाट्यावर मांडायला धाडस लागतं. लेखाचं म्हणणं होतं की हा प्रश्न कुठल्या स्क्रिप्टने सुटणारा नाही, त्यासाठी एचटीएमएलमध्येच सोय हवी. त्यातून डेव्हलपरांचा एक गट उभा राहिला आणि मार्किस त्याचा अध्यक्ष झाला. स्कॉट जेलने तोवर काम भागवणारी ‘पिक्चरफिल’ नावाची स्क्रिप्ट लिहून सगळ्यांना फुकट वापरायला दिली. जुन्या इंटरनेट एक्स्प्लोररला रुंदीनुसार मांडणी बदलायला शिकवणारी त्याची ‘रिस्पॉन्ड’ही तशीच खुली होती. २०१३मध्ये योआव वाइस या प्रोग्रामरने क्रोममध्ये ही सोय बसवण्यासाठी लोकवर्गणी मागितली, आणि जगभरच्या वेब डेव्हलपरांनी ती भरली. ऑक्टोबर २०१४मध्ये त्यासाठीचा ‘पिक्चर’ हा घटक क्रोममध्ये आला, पुढच्या वर्षी फायरफॉक्समध्ये. एका शहरातल्या एका दैनिकाच्या कामात निघालेली अडचण आज एचटीएमएलच्या मानकात सुटलेली आहे. स्वस्त फोनवर मोजका डेटा भरून बातम्या वाचणाऱ्या आपल्या गावोगावच्या वाचकालाही तिचा फायदा मिळतो.

मराठी साइट करणाऱ्यांना हे सगळं जास्तच लागू आहे. २०११च्या सुमाराला आपल्याकडे फोनवर वेब म्हणजे नोकियाचा हँडसेट आणि ऑपेरा मिनी, आणि त्या आधी कित्येक वर्षं मराठी पत्रांच्या साइट आपापल्या फाँटच्या कैदेत होत्या. फाँट नाही तर पानावर नुसती अगम्य चिन्हं. युनिकोडने ती कैद सोडवली, पण देवनागरीच्या गरजा इंग्रजी साच्यात बसत नाहीत. वर रफार-वेलांटी, खाली उकार, म्हणून दोन ओळींत जास्त अंतर हवं. जोडाक्षरांमुळे फाँटची फाइल जड होते. इंग्रजी साच्यातून आलेलं अक्षरांमधलं जादा अंतर तसंच राहिलं की शिरोरेखेचे तुकडे पडतात. हे आजही मराठी साइटच्या मथळ्यांत दिसतं आणि दर वेळी वाईट वाटतं. आणि ३२० पिक्सेलच्या पडद्यावर ‘मुख्यमंत्रिपदासाठीच्या’ हा एकच शब्द मोठ्या अक्षरात एक अख्खी ओळ खातो. हे चित्रात कळत नाही, कारण नमुना-चित्रात डिझायनर सोयीचा छोटा मथळा टाकतो. खरा मथळा, खऱ्या फोनवर, उपसंपादकाच्या समोर पाहिला तरच कळतं.

ग्लोबच्या साइटला २०१२मध्ये ‘सोसायटी फॉर न्यूज डिझाइन’ने जगातली सर्वोत्तम रचनेची साइट म्हणून गौरवलं. त्याने पत्राचं अर्थकारण पालटलं नाही. न्यूयॉर्क टाइम्स कंपनीने १९९३मध्ये १.१ अब्ज डॉलरला घेतलेलं ग्लोब २०१३मध्ये ७ कोटी डॉलरला विकलं गेलं. चांगल्या साइटकडून धंदा तारण्याची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. वाचकाच्या हातात जे यंत्र असेल त्यावर बातमी नीट पोचवणं हे तिचं काम होतं आणि ते तिने चोख केलं.

महाराष्ट्रात आज कितीतरी मासिकं, वाचनालयं, पतपेढ्या, शाळा साइट करून घेत आहेत. त्या चालवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: एजन्सीने पहिल्या बैठकीत सुंदर चित्रं दाखवली तर ती बघा, पण मंजुरी देऊ नका. तुमचा खरा मजकूर टाकलेलं चालतं पान मागा आणि कार्यालयातल्या सगळ्यात जुन्या फोनवर ते उघडा. बैठकीला कोड लिहिणाऱ्या माणसाला बोलवा, तुमच्याकडून मजकूर पाहणाऱ्याला बसवा. या अटीवर काम घ्यायला तयार असलेली एजन्सी थोडे जास्त पैसे मागत असेल, तरी काम तिलाच द्या.