खानावळ

मुलांनो, दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथे दुपारचे बारा वाजले की कचेऱ्या रिकाम्या होऊ लागतात. माणसे तिघे-चौघे मिळून जवळच्या जेवणघरात जातात. परक्या देशातून आलेल्या माणसाला तिथे एका गोष्टीचे मोठे नवल वाटते. त्याने मागवलेले असते फक्त कालवण आणि भात. पण ते येण्याआधीच मेजावर चार-पाच लहान वाट्या मांडल्या जातात. एकीत किमची, म्हणजे तिखट लावून आंबवलेला कोबी, दुसरीत मोड आलेले कडधान्य, तिसरीत पालेभाजी, कधी बारीक सुकी मासळीसुद्धा. त्यांना 'बानचान' म्हणतात. त्यांचे वेगळे पैसे पडत नाहीत आणि वाटी संपली तर ती सहसा पुन्हा भरून मिळते. धातूच्या काड्यांनी जेवताना पाहुण्याची तारांबळ उडते, ती वेगळीच! मात्र वडीलधाऱ्यांनी चमचा उचलल्याशिवाय धाकट्यांनी जेवायला लागू नये, हा तिथला नियम तुम्हाला समजावून सांगायला नको. आपल्या दस्तरखानावरही तीच रीत आहे.

एका पदार्थाच्या पैशात इतके वाढणे परवडते कसे, असे पाहुणा विचारतो. आपल्या खानावळीबद्दलही हाच प्रश्न पडावा.

'खानावळ' या शब्दात तुमच्या ओळखीचा 'खाना' आहे. हॉटेलात आपण पदार्थाचे पैसे देतो, खानावळीत पोटभर जेवणाचे. हॉटेलात कोणीही येते. खानावळीची माणसे मात्र ठरलेली असतात आणि हिशोब महिन्याचा असतो.

आपल्या रत्नागिरीचा खानावळीशी जुना संबंध आहे. 1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी स्थापन केली. पुढे गिरण्या वाढल्या आणि कोकणातले पुरुष बोटीने मुंबईला जाऊ लागले. बायका-मुले गावीच राहत. लालबाग-परळच्या चाळींत एकेका खोलीत दहा-पंधरा गाववाले राहायचे. एक पाळी कामावर गेली की दुसरी झोपायला येई. अशा खोलीत चूल कोण पेटवणार? मग शेजारच्या खोलीतली एखादी बाई त्यांचे जेवण करू लागे. तिला खानावळवाली म्हणत. पहाटे उठून पाणी भरायचे, मसाला वाटायचा, भाकऱ्या थापायच्या, पाळीप्रमाणे कोणाला ताट वाढायचे, कोणाचा डबा भरायचा. हे सारे एका खोलीत, स्वतःचा संसार सांभाळून.

आता हिशोब पाहा. गिरणीचा पगार महिना भरल्यावर मिळे, म्हणून खानावळीचे पैसेही महिना संपल्यावरच येत. पण तांदूळ, तेल, रॉकेल आज लागे. कामगार बाईच्या उधारीवर जेवे आणि बाई वाण्याच्या उधारीवर स्वयंपाक करी. उधारीचा माल महाग पडे. तेवढ्याने भागले नाही तर सावकाराचे भारी व्याज, नाहीतर अंगावरचा दागिना गहाण. गिरणीमालकाला महिनाभर पगार द्यावा लागत नसे, त्याचा भार शेवटी या बाईच्या चुलीवर पडे. गिरण्यांच्या इतिहासात तिचे नाव फार कमी आढळते, हे मला योग्य वाटत नाही.

1973-74 च्या गिरणी संपात पगार थांबले, तरी या बायकांनी कामगारांना उधारीवर जेवू घातले. कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी ते पाहिले. 1975 मध्ये त्यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' सुरू केले आणि खानावळवाल्यांना सरकारी बँकेचे कर्ज मिळवून दिले. घर नावावर नाही, दागिना गहाण पडलेला, मग तारण काय ठेवणार? तेव्हा एकीसाठी दुसरीने जामीन राहायचे, असे ठरले. सावकाराची गरज कमी झाली.

18 जानेवारी 1982 रोजी मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर कित्येक गिरण्या कायमच्या बंद पडल्या, माणसे गावी परतली. जेवणारेच गेल्यावर वहीतली उधारी कोणाकडे मागायची?

खानावळी मात्र संपल्या नाहीत. भिवंडीच्या यंत्रमाग कामगारांत अशा जेवणघराला 'बिस्सी' म्हणतात. कॉलेजच्या मुलांसाठी चालते ती 'मेस'. उद्या तुम्ही शिकायला पुण्या-मुंबईला गेलात तर तिथे 'खाडा' हा शब्द ऐकाल. ज्या दिवशी आपण जेवायला जात नाही तो खाडा. त्याचे पैसे महिन्याच्या हिशोबातून वजा होतात. पण ते आदल्या दिवशी सांगावे लागते, कारण सकाळी पीठ मळतात ते माणसे मोजूनच.