लघुलहरींवरील रेडिओ नीट ऐकू येत नसल्यास

रेडिओत खरखर होते म्हणून तालुक्याच्या गावी नेलेला संच दुकानात व्यवस्थित वाजतो आणि घरी आणल्यावर पुन्हा पूर्ववत् खरखरू लागतो, असा अनुभव पुष्कळ शेतकऱ्यांना आला असेल. अशा वेळी दुरुस्तीचा खर्च बहुधा व्यर्थ जातो. दोष संचात आहे, घरात आहे की आकाशात, हे प्रथम ठरविले पाहिजे. दि. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ कोकणात शिरले तेव्हा रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील अनेक गावांची वीज आणि मोबाइल सेवा बंद पडली होती. सेलवर चालणारा संच घरात चालू स्थितीत का असावा, हे अशा प्रसंगी कळते.

आरंभ सेलपासून करावा. आवाज मोठा करताच तो फाटत असेल किंवा लागलेले केंद्र आपोआप सरकत असेल, तर सेल उतरले आहेत असे समजावे. नवे व जुने सेल एकत्र घालू नयेत. सेलच्या पट्ट्यांवर पांढरी वा हिरवट पूड जमली असल्यास ती कोरड्या कापडाने पुसून बारीक पॉलिश कागदाने पट्टी उजळ करावी. संचावर थाप मारून आवाज आणण्याची सवय अनेकांना असते. थापेने आवाज येतो याचा अर्थ आतील एखादा सांधा सैल झाला आहे. थापेने तो बसत नाही, उलट अधिक सैल होतो.

यानंतरची परीक्षा सर्वांत महत्त्वाची होय. संच सेलवर चालू ठेवून घराचा विजेचा मुख्य खटका बंद करावा. खरखर एकदम थांबली, तर दोष घरातील एखाद्या उपकरणाचा आहे. मग खटका पुन्हा लावून एकेक वस्तू सुरू करीत जावे. स्वस्त एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि दूरदर्शन संचाचे अ‍ॅडॅप्टर हे नेहमीचे अपराधी आहेत. रेडिओही चार्जरवर लावून ऐकू नये. खरखर दिवसा, उन्हाबरोबर वाढत असेल व सूर्यास्तानंतर थांबत असेल, तर सौर पंपाच्या नियंत्रकाकडे लक्ष द्यावे. साधारण सेकंदासेकंदाला ‘टक् टक्’ असा एकसारखा आवाज येत असेल, तर तो कुंपणाच्या झटका यंत्राचा असण्याचा संभव फार. गवत वा ओली फांदी तारेला टेकली की तो वाढतो. खटका बंद करूनही खरखर राहिली, तर संच घेऊन विजेच्या तारांपासून दूर शेतात जावे. तेथे आवाज स्वच्छ आला, म्हणजे संच निर्दोष आहे.

एरियलविषयी एक गैरसमज आढळतो. संचाची लांब होणारी दांडी लघुलहरींसाठी असते. मध्यमलहरींचे एरियल संचाच्या आतच असते. म्हणून मध्यमलहरींवर दांडी ओढून उपयोग नाही. संपूर्ण संच हळूहळू फिरवून आवाज कोठे मोठा येतो ते पाहावे. लघुलहरींसाठी संच खिडकीपाशी किंवा ओसरीवर ठेवावा, कारण पत्र्याच्या घरात लहरी फारशा पोचत नाहीत. पाच ते सात मीटर आवेष्टित तार दांडीला चिमट्याने जोडून झाडाकडे ताणल्यास पुष्कळ फरक पडतो. तार याहून फार लांब केल्यास साध्या संचात दोन केंद्रे एकमेकांत मिसळतात. ती विजेच्या तारांखालून वा वरून कधीही नेऊ नये, आणि ढग गडगडू लागण्यापूर्वीच सोडून ठेवावी. काही संचांवर ‘लोकल’ आणि ‘डीएक्स’ असा लहानसा खटका असतो. तो चुकून ‘लोकल’वर राहिल्यास दूरची केंद्रे क्षीण होतात.

एवढे करूनही आवाज लाटेप्रमाणे चढत-उतरत राहिला, तर तो दोष आकाशाचा आहे. वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित थरावर आपटून लघुलहरी परत येतात आणि तो थर सूर्यप्रकाशाप्रमाणे बदलतो. म्हणून भर दिवसा १९ व २५ मीटर, सायंकाळी ३१ व ४१ मीटर आणि रात्री ४९ मीटरचा पट्टा लावून पाहावा. तबकडीवर मेगाहर्ट्झ दिले असल्यास ३०० ला त्या आकड्याने भागावे. ७·३ मेगाहर्ट्झ म्हणजे सुमारे ४१ मीटर. सूर्यावर मोठा स्फोट झाल्यास दिवसा सर्वच लघुलहरी काही वेळ मंदावतात. तेव्हा संच उघडू नये, थांबावे. शिवाय आकाशवाणीची लघुलहरींवरील बरीच प्रक्षेपणे गेल्या काही वर्षांत बंद झाली आहेत. जुन्या जागी केंद्र सापडत नसेल, तर ते सुरू आहे की नाही याची आधी शेजारच्या संचावर खात्री करावी.

नवे सेल घालून, मोकळ्या शेतात, योग्य वेळी, सर्व पट्ट्यांवर संच मंदच राहिला, तर मात्र तो कारागिराकडे न्यावा. तत्पूर्वी आवाजाचे बटण दहा-वीस वेळा पूर्ण फिरवून पाहावे. पुष्कळदा आत साठलेली धूळच खरखरत असते. वरील कोणत्या परीक्षा केल्या व काय आढळले, हे ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून संचासोबत द्यावे.