म्हातारपणासाठी गाव पाहताना

मुलीसाठी स्थळ पाहायचे असले की आपण किती चौकशा करतो! घर कसे, माणसे कशी, पाण्याचा त्रास आहे का, शेजार कसा. पण सासूबाईंना, आईला, किंवा खरे सांगायचे तर उद्या आपल्यालाच कुणाच्या तरी आधाराने राहायची वेळ आली, तर त्यासाठी गाव कोणते बरे, याची चौकशी कुणीच करीत नाही. “मुलगा पुण्याला आहे, तिकडेच जातील,” म्हटले की विषय संपला. मग तिकडे तिसरा मजला, दिवसभर बंद दार, बोलायला माणूस नाही. आणि चार महिन्यांनी आजी पिशवी भरून परत गावाकडे!

आधाराने राहणे म्हणजे काय, ते आधी नीट समजून घेऊ या. दवाखान्यात ठेवण्याइतके आजारपण नाही, पण हंडा उचलवत नाही. स्वयंपाक येतो, पण गॅस बंद केला की नाही ते आठवत नाही. अंघोळीला कुणी जवळ असलेले बरे वाटते. अशा माणसाला वृद्धाश्रमच हवा असतो असे नाही. आपल्या बीड जिल्ह्यात तर पुष्कळदा व्यवस्था होते ती अशी: तालुक्याच्या गावी तळमजल्यावरच्या दोन खोल्या, भाकरी-भाजी करून देणारी एक बाई, आणि रात्री सोबतीला झोपणारी दुसरी. म्हणूनच गाव निवडणे महत्त्वाचे. घर बदलता येते. पण दवाखाना काही आपण हलवू शकत नाही.

जिल्ह्यात अंबाजोगाईचे नाव पुढे येते ते उगीच नव्हे. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय इथे आहे. त्याला जोडलेले मोठे सरकारी रुग्णालय आहे. मध्यरात्री छातीत दुखू लागले तर गावातल्या गावात डॉक्टर मिळणे, याचे मोल ज्यांनी जीपमधून तीन-तीन तास धक्के खाल्ले आहेत त्यांनाच ठाऊक. जवळच लोखंडी सावरगावला सरकारचे वृद्धत्व आरोग्य व मानसिक आजार केंद्र आहे. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत तिथे रुग्णालय उघडले होते, ते पुष्कळजणींना आठवत असेल. विसरभोळेपणा वाढलेल्या माणसासाठी असे केंद्र हाताशी असणे मोलाचे आहे. मात्र नुसती पाटी पाहून येऊ नका. बाह्यरुग्ण विभाग कोणत्या वारी असतो, कोणते डॉक्टर बसतात, औषधे तिथेच मिळतात का, हे समक्ष विचारा.

बरे, माणूस काही नुसत्या औषधावर जगत नाही. योगेश्वरीचे देऊळ, मुकुंदराजांची आणि दासोपंतांची समाधी, नोव्हेंबरातला यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह, शाळा-कॉलेजांतून निवृत्त झालेली मंडळी... अंबाजोगाईत संध्याकाळ कशी घालवावी हा प्रश्न पडत नाही. पण गाव चढउताराचे आहे, आणि मुकुंदराजांच्या समाधीला जायचे तर दरीत उतरावे लागते. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी देवळापासूनचे अंतर मैलात मोजू नका, पायऱ्यांत मोजा. परळीला वैद्यनाथ आहे, पण पायऱ्याही आहेत. शिवाय औष्णिक वीजकेंद्राच्या राखेचा त्रास तिथले लोक सांगतात. दम्याच्या माणसाने विचार करूनच जावे. परळीची जमेची बाजू म्हणजे रेल्वे, मुलांना ये-जा सोपी. बीडला जिल्हा रुग्णालय आहे, कचेऱ्या आहेत, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अहिल्यानगरहून रेल्वेही एकदाची आली!

आता पाणी. आपल्याकडे ही चौकशी सगळ्यांत आधी करायची, पण घरमालक ती शेवटी होऊ देतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले होते, लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अंबाजोगाईची तहानही त्याच धरणावर भागते. तेव्हा “नळ आहे ना?” एवढे विचारून भागत नाही. नळ किती दिवसांनी येतो, किती वाजता येतो, टाकी केवढी, मोटार कोण लावतो? आणि टँकर आला तर पाणी कोण भरणार? सत्तरीच्या बाईला पहाटे तीनला उठून मोटार लावायची असेल तर ती ‘सोय’ नव्हेच.

यापुढची गोष्ट फक्त आपल्याच जिल्ह्यातल्या बायकांना नीट कळेल. दसरा-दिवाळीनंतर कोयते निघतात. नवराबायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, आणि गावे रिकामी होतात ती थेट उन्हाळ्यापर्यंत. मागे राहतात म्हातारी माणसे आणि त्यांच्या पदराला नातवंडे. आपण म्हाताऱ्यांना कोण सांभाळणार म्हणून काळजी करतो, आणि इथे म्हातारीच घर सांभाळत असते! तिला आधाराची सोय कुणी विचारलीच नाही. म्हणून खेड्यातच ठेवायचे ठरवले असेल तर पावसाळ्यातली भरलेली गल्ली पाहून निर्णय घेऊ नका, जानेवारीत जाऊन पाहा. हाकेच्या अंतरावर धडधाकट माणूस कोण उरतो? कामाला ठेवलेली बाई तरी थांबणार आहे का, की तीही ऊसतोडीला जाणार?

एखादा वृद्धाश्रम पाहायला गेलात तर कचेरीत बसून चहा घेऊन परतू नका. जेवणाच्या वेळेला, न कळवता जा. भाकरी मऊ आहे का, कवळी नसलेल्यांना कुस्करून देतात का, ते पाहा. सगळ्यांत थकलेल्या आजींच्या खाटेशी जा. नखे कापलेली आहेत का, चादर कोरडी आहे का, पाण्याचे भांडे हाताला लागेल असे आहे का? तेवढ्यावरून तुम्हाला सगळे कळेल. मग विचारा की रात्री जागे कोण असते, आणि माणूस अंथरुणाला खिळला तर ठेवून घेता की घरी पाठवता. या शेवटच्या प्रश्नाला पुष्कळ ठिकाणी उत्तर देताना चाचरतात. अनामत भरली तर परत केव्हा व किती मिळेल, ते लिहून घ्या.

पैशाचे म्हणाल तर काही सवलती घेतल्याच पाहिजेत. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय २०२४ पासून झाली आहे. निवडलेल्या गावात हे कार्ड कोणत्या दवाखान्यात चालते ते आधी पाहावे. एस. टी.त ७५ वर्षांवरील सर्वांना प्रवास मोफत, आणि बायकांना तर कोणत्याही वयात अर्धे तिकीट. निराधारांसाठी संजय गांधी आणि श्रावणबाळ योजनेतून महिना दीड हजार रुपये मिळतात. तेवढ्यात बाई ठेवता येत नाही हे खरे, पण औषधाला हातभार लागतो.

आणि एक गोष्ट, जी सासूबाईंसमोर बोलायला आपल्याला संकोच वाटतो. सांभाळायच्या बोलीवर घर किंवा शेत कुणाच्या नावे करून देण्याची घाई करू नये. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर बक्षीसपत्र केले आणि सांभाळ झाला नाही, तर ते रद्द करून मागता येते. पण ती अट कागदात स्पष्ट लिहिलेली असावी. तोंडी बोलीवर भांडणे अवघड जाते. मुले पोटाला देत नसतील तर याच कायद्याने उपविभागीय अधिकाऱ्यांकडे दाद मागता येते, आणि त्यासाठी वकिलाची गरज नाही. अंबाजोगाईला हे कार्यालय आहे. १४५६७ हा ज्येष्ठांच्या मदतीचा दूरध्वनी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावून ठेवा.

गाव ठरले तरी लगेच बिऱ्हाड हलवू नका. आधी एक महिना राहून पाहू द्या, आणि तो महिना शक्यतो मेचा असू द्या. पत्र्याचे छप्पर, वीज जाणे, आटलेला नळ, सगळे त्या एका महिन्यात समजते. आईचे स्वतःचे अंथरूण, तिचा तांब्या आणि देव बरोबर द्या. आधार कार्ड, रेशनकार्ड, बँकेचे पुस्तक यांच्या दोन-दोन प्रती काढून एक संच तुमच्याकडे ठेवा. पेन्शन असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. हल्ली तो मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो. मात्र ते करून देणारे नातवंड किंवा शेजारचे पोर कोण, ते ऑक्टोबरातच ठरवून ठेवा.