अर्ध्या ग्रॅमच्या ग्रंथीवर प्रोटॉनचा नेम

झाशीच्या मानिक चौकासारख्या जुन्या बाजारपेठेत एक आजार डॉक्टरांच्या आधी दुकानदाराच्या नजरेस पडू शकतो. वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक येते आणि बोटात रुतलेली अंगठी मोठी करून मागते. चपलेचा नंबर सातचा आठ, आठचा नऊ होतो. चाळिशीतल्या माणसाचे हातपाय वाढत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असते, पण बदल इतका सावकाश होतो की घरच्यांना तो चेहरा रोजचाच वाटतो. जबडा पुढे येतो, दातांत फटी पडतात, आवाज घोगरा होतो, विनाकारण घाम फुटतो. या आजाराला अॅक्रोमेगली हे नाव फ्रेंच डॉक्टर पिएर मारी यांनी १८८६ मध्ये दिले. लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत पुष्कळदा पाच-दहा वर्षे निघून जातात आणि तोवर मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा त्रास हे सगळे मागे लागलेले असते.

मूळ दुखणे असते मेंदूच्या तळाशी. नाकाच्या बरेच मागे, कवटीच्या हाडातल्या एका खोबणीत पीयूषिका ग्रंथी बसलेली असते. आकार हरभऱ्याच्या दाण्याएवढा, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. वाढ, थायरॉइड, अधिवृक्क, मासिक पाळी, अंगावरचे दूध, इतक्या गोष्टींवर तिचा ताबा चालतो. तिच्यात होणारी गाठ बहुधा कर्करोगाची नसते, पण ती एखादे संप्रेरक अतोनात स्रवू लागली की सारे शरीर बदलते. वाढीचे संप्रेरक जास्त झाले तर अॅक्रोमेगली. अधिवृक्काला चेतवणारे संप्रेरक जास्त झाले तर कुशिंगचा आजार: चेहरा गोल होतो, पोटावर जांभळे पट्टे उठतात, हाडे ठिसूळ होतात.

इथली शेजारपाजारची जागा फार नाजूक आहे. ग्रंथीच्या वर काही मिलिमीटरवर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात. दोन्ही बाजूंना मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या आणि डोळा हलवणाऱ्या नसा आहेत. पहिला उपाय म्हणून नाकातून दुर्बीण घालून शस्त्रक्रिया करतात, आणि दूध आणणारे संप्रेरक, म्हणजे प्रोलॅक्टिन, स्रवणारी गाठ असेल तर बहुतेक वेळा कॅबरगोलिनच्या गोळ्यांवरच भागते. धमनीला चिकटून उरलेला किंवा पुन्हा वाढलेला तुकडा मात्र सुरीच्या आवाक्यात नसतो. मग किरणांचा विचार सुरू होतो.

क्ष-किरण शरीरात शिरताना सर्वांत जोरदार असतात, वाटेत क्षीण होत जातात, तरी पलीकडून बाहेर पडतातच. प्रोटॉनचे तसे नाही. इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड असलेला हा कण वेगात असताना वाटेत थोडीच ऊर्जा सांडतो. वेग कमी होईल तसतशी जास्त, आणि थांबण्याच्या अगदी आधी उरलेली सगळी एकदम टाकून देतो. त्यापुढे जवळजवळ काहीच नाही. विल्यम हेन्री ब्रॅग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात रेडियमच्या अल्फा कणांवर हे पाहिले, म्हणून या शेवटच्या उसळीला ब्रॅग शिखर म्हणतात. कण कुठे थांबणार हे त्याच्या ऊर्जेवर ठरते. ७० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचा प्रोटॉन पाण्यात सुमारे ४ सेंटिमीटर जातो, १०० चा साडेसात-आठ, २३० चा सुमारे ३३. २३० चा प्रोटॉन प्रकाशाच्या साठ टक्के वेगाने निघालेला असतो, आणि तरीही तो कुठे थांबेल ते आधी गणिताने सांगता येते. मला या साऱ्या विद्येतले खरे आश्चर्य हेच वाटते.

हा गुण रोग्याच्या कामी आणावा, हे रॉबर्ट विल्सन या भौतिकशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये एका लेखात सुचवले. विल्सन नुकतेच अणुबाँबच्या प्रकल्पातून बाहेर पडले होते. आठ वर्षांनी, १९५४ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथे जॉन लॉरेन्स आणि कॉर्नेलियस टोबायस यांच्या गटाने माणसावर पहिला प्रोटॉन उपचार केला, आणि त्याचे लक्ष्य होते पीयूषिका! रुग्ण स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या होत्या. संप्रेरकांवर पोसलेला तो रोग ग्रंथी बंद पाडली तर आटोक्यात येईल, असा हिशोब होता.

हीच ग्रंथी पहिली का, याचे उत्तर त्या काळच्या अडचणीत आहे. सीटी स्कॅन यायला अजून सतरा वर्षे होती, मेंदूतली मऊ ऊती साध्या क्ष-किरण चित्रात दिसत नसे. पण पीयूषिकेची हाडाची खोबणी स्पष्ट दिसे. नेम धरायला खूण मिळाली ती अशी. सुरुवातीला ब्रॅग शिखर वापरलेच नाही. ३४० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचा झोत डोक्यातून आरपार जाऊ देत आणि डोके ठरलेल्या कोनांतून फिरवत, म्हणजे सगळ्या वाटा ग्रंथीपाशी एकमेकींना छेदत. १९५७ पासून तिथे प्रोटॉनच्या चौपट जड हीलियमचे केंद्रक वापरू लागले आणि अॅक्रोमेगली व कुशिंगचे अनेक रुग्ण त्यावर उपचार घेऊन गेले. पुढे हार्वर्डच्या सायक्लोट्रॉनवर, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्रावर, शल्यविशारद रेमंड केलबर्ग यांनी ब्रॅग शिखर थेट ग्रंथीवर बसवले.

त्या काळात मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब झालेल्यांचीही पीयूषिका किरणांनी दाबून टाकत. बाळंतपणात ग्रंथी निकामी झालेल्या एका मधुमेही स्त्रीच्या डोळ्यांतला दोष मागे हटल्याचे १९५३ मध्ये नोंदले गेले होते, त्यावरून ही कल्पना निघाली. लेझर आल्यावर ती मागे पडली, आणि ते बरेच झाले. डोळ्यासाठी सगळ्या शरीराचे संप्रेरक गमावणे ही फार मोठी किंमत होती.

भारतात प्रोटॉन उपचार २०१९ मध्ये चेन्नईच्या अपोलो केंद्रात सुरू झाले. सार्वजनिक क्षेत्रातले केंद्र आपल्याकडे आहे: नवी मुंबईत खारघरला, टाटा स्मारक केंद्राच्या अॅक्ट्रेक संस्थेत. तिथली राष्ट्रीय हॅड्रॉन उपचार सुविधा ११ मे २०२३ रोजी राष्ट्राला अर्पण झाली. बेल्जियमच्या आयबीए कंपनीचा सायक्लोट्रॉन सुमारे २२० टनांचा आहे, आणि त्यातून निघालेला झोत रुग्णाभोवती फिरणाऱ्या भल्यामोठ्या गॅन्ट्रीतून येतो. झाशीहून येणाऱ्याला पंजाब मेल थेट मुंबईला आणते. संप्रेरकांच्या अशा आजारांचे निदान करणारा जुना, नावाजलेला विभाग परळच्या केईएम रुग्णालयातही आहे.

उपचाराआधी चेहऱ्याचा मुखवटा तयार होतो. छिद्रांची प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ताणतात. काही मिनिटांत ती कडक होते आणि मेजाला अडकवली की डोके हलत नाही. एमआरआय आणि सीटीची चित्रे एकावर एक बसवून गाठ आखतात. नेहमीच्या पद्धतीत पाच-सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रोज थोडी मात्रा देतात. एकूण बहुधा ४५ ते ५४ ग्रे (ग्रे हे किरणमात्रेचे एकक). दर दिवशी आधी चित्र काढून जागा जुळवतात, त्यात बराच वेळ जातो. झोत प्रत्यक्षात मिनिटा-दोन मिनिटांचा, आणि दुखत काहीच नाही. काहींना डोळे मिटलेले असतानाही उजेड चमकल्यासारखा दिसतो.

आता सावधगिरीचे. हाड, हवा, मऊ ऊती यांतून जाताना प्रोटॉनच्या पल्ल्यात दोन-तीन मिलिमीटरची अनिश्चितता राहते, आणि डोळ्यांच्या नसा जेमतेम तेवढ्याच अंतरावर असतात. म्हणून जाणते डॉक्टर त्या नसांच्या तोंडाशी थांबेल असा झोत सोडणे टाळतात, वेगवेगळ्या दिशांनी विभागून देतात. लहान, नीट आखीव गाठीला गॅमा किरणांचे गॅमा नाइफ किंवा आधुनिक क्ष-किरण यंत्रही चांगले चालते. प्रोटॉन त्याहून सरस असल्याचे प्रौढांच्या अशा गाठींत सिद्ध झालेले नाही. माझ्या मते त्याची खरी गरज मुलांना आहे. पीयूषिकेजवळ होणाऱ्या क्रॅनिओफॅरिंजिओमासारख्या गाठीत वाढत्या मेंदूवर पडणारी फुकटची मात्रा वाचते, आणि त्या मुलाला पुढे साठ-सत्तर वर्षे जगायचे असते. मोठी, वेडीवाकडी गाठ किंवा दुसऱ्यांदा किरण द्यायची वेळ असेल तरीही प्रोटॉनचा विचार व्हावा.

किरण संपल्यावर लगेच फरक दिसत नाही. गाठीची वाढ बहुतेकांत थांबते, पण संप्रेरक खाली यायला वर्षे लागतात, आणि तोवर ऑक्ट्रिओटाइडसारखी महिन्याची इंजेक्शने चालू ठेवावी लागतात. दुसरीकडे ग्रंथीचा निरोगी भागही हळूहळू थकतो. पाच-दहा वर्षांनीही थायरॉइडचे संप्रेरक किंवा अधिवृक्काचे कॉर्टिसॉल कमी पडू शकते. त्यामुळे दरवर्षी रक्ततपासणी चुकवायची नसते. कॉर्टिसॉल कमी असलेल्याने त्याची भरपाई करणारी हायड्रोकॉर्टिसोनची गोळी एकही दिवस सोडायची नाही, ताप आला तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मात्रा वाढवायची, आणि आपल्याला हा त्रास आहे असे लिहिलेले कार्ड प्रवासात खिशात ठेवायचे.