नगर, अहमदनगर की अहिल्यानगर?

नगरचं जिल्हा वाचनालय 1838 सालचं. अशा जुन्या वाचनालयात पुस्तक कपाटात एकाच जागी बसतं. वेबसाइटला ती सक्ती नाही. डीगोसारख्या सोशल बुकमार्किंगच्या सोयीत ग्रंथपाल दुवा स्वतःच्या ब्राउझरऐवजी सामायिक खात्यात साठवतो आणि त्याला हवे तेवढे टॅग लावतो. मग जमिनीच्या नोंदींचं महाभूलेख संकेतस्थळ 'सातबारा'खाली सापडतं, 'शेती'खालीही. वाचकासाठी विषयवार सूची तयार!

खरी गोची शब्दांची. जिल्ह्याचं नाव 2024 मध्ये बदललं. त्यामुळे जुनं, नवं आणि सगळ्यांच्या तोंडातलं 'नगर' असे तिन्ही टॅग लावावेत. नेवासा-नेवासे या एकाच तालुक्याच्या दोन रूपांचा घोळ वेगळाच. आणि दुव्यांची एक प्रत स्वतःकडे ठेवावी, कारण अशी सेवा कधी थांबेल सांगता येत नाही. 2003 मध्ये सुरू झालेल्या, एके काळी गाजलेल्या डिलिशस या बुकमार्किंग सेवेने 2017 मध्ये नवे दुवे घेणंच थांबवलं.