आत्याचा कॅन्सर कुळाबाहेरचा नसतो

शरीरातल्या प्रत्येक पेशीत डीएनएला रोज हजारो ठिकाणी इजा होते आणि ती दुरुस्तही होते. दोन्ही धागे एकदम तुटले तर ते बिनचूक सांधण्याच्या कामात बीआरसीए१ व बीआरसीए२ ही जनुके लागतात. यांपैकी एकाची सदोष प्रत जन्मतः मिळाली तरी दुसरी प्रत काम भागवते. एखाद्या पेशीत तीही निकामी झाली, की चुका साचू लागतात आणि त्यातून कॅन्सर होऊ शकतो. वारशाने येतो तो धोका, कॅन्सर नव्हे.

स्तनाचा आणि अंडाशयाचा कॅन्सर फक्त आईकडून येतो, हा आनुवंशिक कॅन्सरबद्दलचा सर्वांत चिवट गैरसमज. गावात विचारा की शहरात, आजार सांगितले जातात ते आई, मावशी, आजीचे. आत्या दिल्या घरची झाली, म्हणून ती यादीतून गळते. हे साफ चूक आहे आणि जिवावर बेतणारे आहे. बीआरसीए१ सतराव्या गुणसूत्रावर आहे, बीआरसीए२ तेराव्या. लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांशी दोन्हींचा संबंध नाही. समजा, आत्याला अंडाशयाचा कॅन्सर झाला आणि तिचा भाऊ ठणठणीत आहे. दोष त्याच्यातही असू शकतो. असल्यास त्याच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता ५० टक्के. ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकातील २०१७च्या अभ्यासानुसार बीआरसीए१मध्ये दोष असलेल्या स्त्रियांना ऐंशी वर्षांपर्यंत स्तनाच्या कॅन्सरचा धोका सुमारे ७२ टक्के, अंडाशयाच्या कॅन्सरचा ४४ टक्के. पुरुषही सुटत नाहीत: बीआरसीए२मुळे प्रोस्टेट व स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

म्हणूनच जनुकीय समुपदेशनात आधी वंशावळ काढतात. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, आजारी व्यक्तीचे चिन्ह काळे. किमान तीन पिढ्या आणि दोन्ही बाजू. वडिलांची बाजू कोरी राहिली, तर तो कागद अर्धाच.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर केवळ खाण्यापिण्याने होतो, हेही खरे नाही. लिंच सिंड्रोम या आनुवंशिक विकारात डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त होत नाहीत आणि आतड्याबरोबर गर्भाशयालाही धोका असतो. प्रत्येक कॅन्सर आनुवंशिक, हे दुसरे टोक. असे कॅन्सर ५ ते १० टक्केच. दोष कळून उपयोग काय, असे म्हणणाऱ्यांनी एवढे पाहावे: लिंचमध्ये नियमित कोलोनोस्कोपीने गाठी कॅन्सर होण्याआधीच काढता येतात.

मुंबईच्या टाटा कॅन्सर रुग्णालयाची फाइल काढण्यापूर्वी आत्या, काका आणि आजोबांचे आजार, ते कोणत्या वयात झाले यासह, लिहून न्यावेत.