बंदुकीचा नंबर नेमका कशावर?

पोलिसांच्या शस्त्रागारातील रायफलीला साधारणपणे दोन नंबर असतात. लाकडी दस्त्यावर रंगवलेला तो बट नंबर. तुकडीने तो स्वतःच्या सोयीसाठी दिलेला असतो आणि शिपाई आपली रायफल त्याच नंबराने मागतो. दुसरा बॉडी नंबर, कारखान्यात पोलादावर ठोकलेला. दस्ता फुटून नवा बसवला की बट नंबर पुन्हा रंगवता येतो, बॉडी नंबर मात्र रायफलीबरोबर जन्मतो आणि तिच्याबरोबरच मोडीत निघतो. निदान तसे मानले जाते. पण ज्याला ‘बॉडी’ म्हणतात तो बंदुकीचा एक भागच आहे. नळी, बोल्ट, चाप, घोडा, मॅगझिन हे बाकीचे भाग बदलता येतात. एकाच बनावटीच्या दोन बंदुकांचे भाग आपसात अदलाबदल करता येत असतील, तर नंबर नेमका कशाची ओळख सांगतो? बंदुकांचा माग काढणाऱ्यांपुढची जुनी अडचण हीच आहे आणि नव्या बनावटीच्या शस्त्रांनी ती वाढवली आहे.

सांगली जिल्ह्यातील कुंडलच्या परिसरात हा प्रश्न बंदूक न पाहताही समजू शकतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर आपला कारखाना आणला. पुढे त्या स्थानकाचेही नाव किर्लोस्करवाडी झाले. लोखंडी नांगराचा फाळ झिजला की शेतकरी अख्खा नांगर टाकून देत नाही, नवा फाळ आणून बसवतो. विहिरीवरच्या पंपाचेही तसेच. इम्पेलर बदलतो, शाफ्ट बदलतो, बेअरिंग बदलते आणि दहा-पंधरा वर्षांनी आत मूळचे फारसे काही उरत नाही. तरीही बाहेरच्या पाटीवरच्या नंबरानुसार पंप तोच असतो. शेतकऱ्याचे त्याने काही अडत नाही. बंदुकीच्या बाबतीत मात्र त्या ‘तोच’ या शब्दावर खुनाचा खटला उभा राहतो किंवा पडतो.

कुंडलमध्येच बंदुकांच्या मालकीचा प्रश्न एका वेगळ्या काळात उभा राहिला होता. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारचे कुंडल हे एक मोठे केंद्र होते. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन रामचंद्र लाड यांची तुफान सेना येथलीच. लाठीकाठीवर सुरुवात झालेल्या या सेनेला बंदुका दोन वाटांनी मिळत. एक वाट पोर्तुगीज गोव्याची. दुसरी म्हणजे इंग्रजांच्या पोलिसांकडूनच त्या हिसकावून घेण्याची. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील यांनी उतारवयात सांगितलेल्या आठवणींत भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर मुद्दाम रचलेल्या भांडणाचा प्रसंग आहे. पोलीस ते भांडण सोडवायला बाहेर आले आणि तेवढ्यात सोबत्यांनी बंदुका लांबवल्या. माग काढण्याच्या दृष्टीने या दोन वाटांत मोठा फरक आहे. सरकारी बंदुकीची नोंद सरकारी वहीत असते. ती पकडली गेली तर कोणत्या ठाण्यातून गेली हे नंबरावरून कळते. सीमेपलीकडून आलेल्या बंदुकीचा नंबर वाचता आला तरी तो कोणत्या वहीत शोधायचा, हेच कळत नाही. ज्या वहीत नंबर लिहिला ती वही हाताशी नसेल, तर नंबर नुसता आकडा राहतो.

बंदुकीच्या भागांवर नंबर ठोकण्याची पद्धत गुन्हेगार पकडण्यासाठी सुरू झाली नव्हती. पूर्वी कारागीर प्रत्येक भाग कानशीने घासून दुसऱ्या भागात बसवत असे. एका बंदुकीचा चाप दुसरीत बसत नसे. साफसफाईसाठी दहा बंदुका एकदम उघडल्या तर कोणता भाग कोणत्या बंदुकीचा हे ओळखण्यासाठी खुणा लागत. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील होनोरे ब्लाँ या कारागिराने ही अडचण दूर करण्याचा ध्यास घेतला. १७८५ मध्ये थॉमस जेफरसन त्याच्या कामशाळेत गेले, तेव्हा पन्नास खटक्यांचे सुटे भाग त्यांच्यापुढे ठेवले होते. जेफरसन यांनी हाताला येईल तो भाग उचलून स्वतः काही खटके जोडले आणि ते नीट जुळले. पुढे अमेरिकेच्या सरकारी कारखान्यांनी यंत्रांच्या साहाय्याने हे तंत्र पक्के केले. १८५१ च्या लंडनमधील प्रदर्शनात अमेरिकी रायफलींचे अदलाबदल होणारे भाग पाहून इंग्रज चकित झाले. त्यांनी एनफिल्डच्या कारखान्यासाठी अमेरिकी यंत्रे मागवली.

भारतीय पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशके राहिलेली पॉइंट थ्री नॉट थ्री ही ली-एनफिल्ड रायफल या दोन युगांच्या मधली म्हणता येईल. पश्चिम बंगालमधील इशापूरच्या कारखान्यातही ती बनत असे आणि २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या वेळीही ती महाराष्ट्र पोलिसांच्या हातात होती. तिचे बहुतेक भाग अदलाबदल होणारे आहेत, पण बोल्टचे तसे नाही. गोळी उडताना चेंबरमधील दाब बोल्टचे कान पेलतात आणि ते कान त्या-त्या रायफलीच्या बॉडीशी जुळवून बसवलेले असतात. भलत्याच रायफलीचा बोल्ट घातला तर काडतुसाच्या मागे नको तेवढी फट राहू शकते आणि पुंगळी फुटून रायफल चालवणाऱ्यालाच इजा होऊ शकते. म्हणून बॉडीवरचा नंबर बोल्टवरही ठोकलेला असतो, आणि अनेकदा नळीवर व पुढच्या टोपणावरही. काळजी शिपायाच्या जिवाची होती. पुढे तपास अधिकाऱ्याला तिचा आपोआप फायदा झाला: चार ठिकाणी एकच नंबर दिसला तर बंदूक मूळच्या रूपात आहे, एखादा वेगळा निघाला तर ती कुठेतरी उघडून बदलली गेली आहे.

गेल्या शंभर वर्षांत यंत्रांची अचूकता वाढली, तसे भागाभागावर नंबर ठोकण्याचे कारण कारखान्याला उरले नाही. अनेक नव्या बनावटींत एका बंदुकीचा बोल्ट दुसरीच्या बॉडीत बसू लागला. उत्पादनासाठी ही मोठीच प्रगती, पण तपासणाऱ्याच्या हातातल्या खुणा तिने कमी केल्या. कलाश्निकोव्ह जातीच्या रायफलींत अनेक कारखान्यांनी नंबर किंवा त्याचे शेवटचे आकडे बोल्टवर आणि वरच्या झाकणावरही घातले. मात्र १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगडच्या किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडी येथे चोरून उतरवलेल्या साठ्यात जी चिनी बनावटीची एके-५६ होती, तिच्या जातीची झाकणे, बोल्ट आणि मॅगझिन्स जगभरच्या युद्धांतून एकमेकांत इतकी मिसळली आहेत की वेगवेगळ्या भागांवर वेगवेगळे आकडे आढळणे नवलाचे राहिलेले नाही.

खरी कोंडी आजच्या ‘मॉड्युलर’ शस्त्रांत दिसते. ही शस्त्रे मुळातच भाग बदलण्यासाठी आखलेली असतात. एकाच सांगाड्यावर आखूड किंवा लांब नळी, वेगळा दस्ता, काही वेळा वेगळ्या व्यासाच्या काडतुसाची नळीही चढवता येते. सकाळी एका रूपात असलेले शस्त्र संध्याकाळी दुसऱ्या रूपात असते, त्यामुळे वहीतील वर्णन आणि समोरची वस्तू जुळत नाहीत. मुख्य भाग कोणता मानायचा यावरही एकमत नाही. एआर-१५ जातीच्या रायफलीत नंबर खालच्या अर्ध्या भागावर असतो. नळी आणि बोल्ट मात्र वरच्या भागात असतात आणि अमेरिकी कायद्यात त्या भागाला नंबर लागत नाही. गोळीवर आणि पुंगळीवर खुणा उमटवणारा भाग तोच. २०१४ मध्ये बाजारात आलेल्या सिग पी-३२० या पिस्तुलात नंबर हातात धरायच्या सांगाड्यावर नसून आतल्या छोट्या चाप-यंत्रणेवर आहे. बाहेरचा सांगाडा प्लॅस्टिकचा असून तो सहज बदलता येतो. सांगाड्यावरच नंबर असणाऱ्या इतर प्लॅस्टिक पिस्तुलांत तो खोल आणि टिकाऊ ठोकता येत नाही, म्हणून धातूची पट्टी बसवावी लागते, आणि ती पट्टी काढली गेली तर खाली काहीच उरत नाही. अर्धवट घडवलेल्या, नंबर नसलेल्या सांगाड्यांची विक्री वाढल्यावर अमेरिकेने २०२२ मध्ये नवा नियम केला. त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च २०२५ मध्ये तो नियम वैध ठरला.

भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याने याबाबत अधिक शहाणपण दाखवले आहे. त्याच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही ‘शस्त्र’ मानले जातात, त्यामुळे परवान्याशिवाय केवळ नळी बाळगणेही गुन्हा ठरतो. कलम ८ नुसार बंदुकीवरचे नाव, नंबर वा अन्य खूण खोडता किंवा बदलता येत नाही आणि अशी खूण नसलेली बंदूक विकता येत नाही. खूण नसलेली बंदूक कोणाजवळ सापडली तर ती त्यानेच खोडली असे गृहीत धरले जाते. तसे नाही हे त्याने सिद्ध करायचे. २०१९ च्या दुरुस्तीने नियमानुसार खूण नसलेल्या बंदुकांची ने-आण अवैध तस्करीच्या व्याख्येत आणली.

नंबर शाबूत असला तरी माग काढणे म्हणजे वह्यांची साखळी जोडणे. कारखान्यातून कोणाला, त्याच्याकडून कोणत्या विक्रेत्याला, तेथून कोणत्या परवानाधारकाला, असा प्रवास असतो. एक कडी तुटली की शोध थांबतो. दोन कारखाने एकच आकडा वापरू शकतात, म्हणून नंबराबरोबर बनावट, नमुना, व्यास आणि देश यांचीही नोंद हवी. संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये मान्य केलेल्या दस्तऐवजानुसार नंबर शस्त्राच्या मूलभूत भागावर असावा, शक्य असेल तर नळीसारख्या इतर भागांवरही असावा, उत्पादनाच्या नोंदी किमान ३० वर्षे आणि इतर नोंदी किमान २० वर्षे ठेवाव्यात. नीट तेल लावलेली बंदूक त्याहून कितीतरी अधिक टिकते.

नंबर कानशीने घासून काढला तरी तो नेहमीच जात नाही. ठोकताना आकड्याखालचे पोलाद खोलवर दबलेले असते आणि प्रयोगशाळेत रसायनांच्या साहाय्याने तो दाब पुन्हा दिसू शकतो. महाराष्ट्रातल्या तपासात मात्र ज्या शस्त्रावर कधी नंबरच नव्हता असा गावठी कट्टा अधिक आढळतो. तेथे वही नाही, कारखाना नाही, उरतो तो फक्त गोळीचा आणि पुंगळीचा पुरावा. नळीतील पिळाच्या खाचा गोळीवर उमटतात, फायरिंग पिन पुंगळीच्या बुडाला ठसा देते आणि तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली दोन ठसे शेजारी ठेवून पाहिले जातात. पण हा ठसा त्या नळीचा आणि त्या पिनेचा असतो. नळी बदलली तर गोळीचा दुवा तुटतो, पिन बदलली तर पुंगळीचा. शिवाय गावठी नळी ओबडधोबड असते, कधी गोळीच्या मापाचीही नसते, आणि मग तज्ज्ञांमध्येच मतभेद होतात.

डॉ. नरेंद्र दाभोलकर (पुणे, २० ऑगस्ट २०१३), कॉम्रेड गोविंद पानसरे (कोल्हापूर, हल्ला १६ फेब्रुवारी २०१५), प्रा. एम. एम. कलबुर्गी (धारवाड, ३० ऑगस्ट २०१५) आणि गौरी लंकेश (बंगळूर, ५ सप्टेंबर २०१७) यांच्या हत्यांच्या तपासात हे सारे प्रश्न एकत्र आले. ७.६५ मि.मी. व्यासाच्या गावठी पिस्तुलांच्या गोळ्या आणि पुंगळ्या हाच या गुन्ह्यांना जोडणारा धागा होता. कलबुर्गी आणि लंकेश यांच्यावर एकाच पिस्तुलातून गोळ्या झाडल्याचा निष्कर्ष कर्नाटकातील तपासात निघाला. इतर हत्यांतील शस्त्रांबाबत मात्र मुंबई आणि बंगळूर येथील अहवालांचा मेळ बसेना. सीबीआयने आधी स्कॉटलंड यार्डचे मत घेण्याचे ठरवले. ते शक्य न झाल्याने पुरावे गुजरातच्या प्रयोगशाळेकडे गेले. पिस्तुले सुटी करून ठाण्याजवळच्या खाडीत फेकल्याचा आरोप पुढे आला आणि २०२० मध्ये पाणबुडे व चुंबक घेऊन खाडीचा तळ शोधण्यात आला. नंबर नसलेल्या शस्त्राचे सुटे भाग गाळातून वेचण्याची वेळ येते, याहून या प्रश्नाचे वजन दाखवणारे दुसरे उदाहरण महाराष्ट्रात नाही. आपल्या माणसांच्या मारेकऱ्यांपर्यंत पोहोचणारी वाट एका फायरिंग पिनेच्या ठशावर अडून राहिली होती.

म्हणून पंचनाम्यात ‘एक पिस्तूल, एक मॅगझिन, दोन जिवंत काडतुसे’ एवढे लिहिणे अपुरे पडते. सांगाडा, नळी, स्लाइड आणि बोल्ट यांवर जे काही आकडे, अक्षरे, चिन्हे असतील ती भागाच्या नावानिशी नोंदली आणि त्यांची छायाचित्रे काढली, तर न जुळणारा आकडाही पुरावा होतो. मूळ बंदूक कोणती, भाग कोणत्या दुसऱ्या बंदुकीतून आला, असे एकाऐवजी दोन माग त्यातून निघू शकतात. सांगली-सातारा भागात निवडणुकीच्या तोंडावर परवानाधारक आपली शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करतात, तेव्हा त्यांत जुनी दुनळी बारा बोअरही असते. तिचे भाग हाताने जुळवलेले असल्याने नळी, मधला लोखंडी भाग आणि पुढचा लाकडी हात या तिन्हींवर बहुधा एकच नंबर असतो. हवालदाराने ती उघडून तिन्ही ठिकाणी पाहिले, तर परवान्यातली बंदूक हीच की नाही हे जागेवर कळते.